व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला चेस्ट फिजिओ देताना दुखतंय हे ओळखायचं कसं?

इंटर्न_फिजिओ_मराठवाडा

नमस्कार सगळ्यांना. मी बीपीटीएचची (फिजिओथेरपीची पदवी) इंटर्न आहे, सध्या आयसीयूला पोस्टिंग आहे, सरकारी हॉस्पिटल आहे, नाव लिहीत नाही. तिसरा आठवडा चालू आहे आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतेय.

चार नंबर बेडला एक काका आहेत, पन्नाशीचे, शेतकरी. आतडं फाटलं म्हणून पोट उघडून ऑपरेशन झालं, मग तिसऱ्या दिवशी निमोनिया, ट्यूब, व्हेंटिलेटर. उजव्या बाजूला खाली खूप कफ भरलाय. काल मी व्हायब्रेशन (कफ सुटावा म्हणून छातीवर हाताने कंप) देत होते आणि सोबतचे सर अँबू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) मोठे श्वास देत होते, तर काकांच्या कपाळावर एकदम आठ्या पडल्या, डोळे घट्ट मिटले, चादर मुठीत धरली. मॉनिटरवर पल्स ९८ वरून १२६. मी हात काढून घेतला. तर सिस्टर म्हणाल्या अगं ते सेडेशनवर (गुंगीच्या औषधावर) आहेत, त्यांना काही कळत नाही, उरक लवकर, मला अजून दोघांचं सक्शन (नळीने कफ ओढणं) करायचंय. सिस्टर वाईट नाहीत हो, खूप चांगल्या आहेत, पण मला ते पटलं नाही. कळत नाही तर चादर का धरली?

दुसरा पेशंट सात नंबरला. चोवीस वर्षांचा मुलगा, कीटकनाशक प्यायलेला. ॲट्रोपिनची ड्रिप चालू आहे त्यामुळे पल्स कायमच १३० च्या आसपास, तोंडातून छातीतून नुसतं पाणी, दिवसातून कितीदा तरी सक्शन लागतं. त्याचं तर पल्सवरून काहीच कळणार नाही ना? आणि तो हलतपण नाही फारसा.

कॉलेजात आम्हाला दहापैकी किती दुखतं ते विचारायला शिकवलं, पण ट्यूब असलेला माणूस कसं सांगणार. तर माझे प्रश्न: न बोलणाऱ्या पेशंटचं दुखणं बघायची नीट पद्धत काय आहे, दुखतंय असं वाटलं की ट्रीटमेंट थांबवायची का, आणि माझ्यासारख्या इंटर्नने हे कोणाला सांगायचं. आमच्या फिजिओच्या पेपरवर सॅच्युरेशन, आवाज, कफाचा रंग सगळ्याला रकाना आहे, दुखण्याला नाही.

श्वास_फिजिओ_पुणे

तू हात काढून घेतलास ते बरोबर केलंस हे आधी सांगतो. चौदा वर्षं आयसीयूत काढली आहेत, आणि पहिली काही वर्षं मी हात काढून घेत नव्हतो.

पद्धत आहे, आणि ती जुनी आहे. दोन स्केल सगळीकडे वापरतात. एक बीपीएस (बिहेवियरल पेन स्केल), फ्रान्समधून आलेलं, २००१ चं. त्यात चेहरा, हात आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेतोय का अशा तीन गोष्टी, प्रत्येकी १ ते ४, म्हणजे शांत माणसाचा स्कोअर ३ आणि जास्तीत जास्त १२. पाचच्या वर गेलं की दुखतंय असं धरायचं. दुसरं सीपीओटी (क्रिटिकल-केअर पेन ऑब्झर्वेशन टूल), कॅनडातलं, २००६ चं, मी हेच वापरतो. चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, आणि व्हेंटिलेटर (ट्यूब नसेल तर त्या जागी आवाज, म्हणजे कण्हणं विव्हळणं). प्रत्येकाला ०, १, २. एकूण ८. तीन किंवा वर आलं की दुखतंय.

आता तुझे काका घे. कपाळाला नुसत्या आठ्या असत्या तर चेहऱ्याला १, पण डोळेही घट्ट मिटले म्हणजे २. चादर आवळली, हात दुमडताना तुला अडवल्यासारखं वाटलं का? त्याला ताठरपणाचा १ किंवा २. खोकून व्हेंटिलेटरचा अलार्म वाजवत होते का? बघ, तू लिहिलंयस तेवढ्यावरच तीन होतात. म्हणजे तुला जे दिसलं ते खरं होतं, फक्त तुझ्याकडे आकडा नव्हता, आणि आयसीयूत आकडा नसला की कोणी ऐकत नाही.

पण आकडा काढायचा कसा हे नीट समजून घे कारण इथेच चुका होतात. पहिलं, हात लावायच्या आधी एक मिनिट नुसतं उभं राहून बघायचं. शांत पडलेला असताना स्कोअर किती. हे कोणी करत नाही, सगळे थेट नॅपकिन टाकून सुरू होतात. मग करताना, सगळ्यात वाईट क्षणी जो असेल तो. आणि मग संपल्यावर पंधरावीस मिनिटांनी पुन्हा. आधी ०, करताना ५, नंतर १, हा एक माणूस. आधी ३, करताना ६, नंतर ५, हा वेगळा माणूस, याला तू यायच्या आधीपासून दुखतंय आणि तू गेल्यावरही दुखणार आहे, याचं औषधच कमी पडतंय. तीन आकड्यांशिवाय हा फरक दिसत नाही.

दुसरं म्हणजे खोकला. सक्शनची नळी आत गेली की खोकला येणारच, त्यासाठीच तर घालतो. मग व्हेंटिलेटरच्या रकान्यात आपोआप गुण चढतो. म्हणून सक्शनच्या वेळी मी चेहऱ्यावर आणि हातावर जास्त भर देतो. खोकला आला पण चेहरा लगेच सैल झाला तर ठीक. नळी बाहेर काढल्यावरही भुवया खाली ओढलेल्याच आहेत तर नाही ठीक.

तिसरं, हात बांधलेले असतील तर हालचालीचा स्कोअर खोटा येतो. सुरू करायच्या आधी हात सोड, सिस्टरना सांगून, एकाने हात हातात धर. बांधलेल्या हातापेक्षा धरलेला हात जास्त सांगतो. अर्धांगवायू असेल तर चालत्या बाजूचं बघायचं.

चेस्ट फिजिओबद्दल मात्र थोडं मोठं लिहितो. काकांना मधोमध पोटावर मोठी चीर आहे. अँबूने मोठा श्वास दिला की पोट वर येतं आणि टाके ताणतात, व्हायब्रेशन दिलं की ते खाली टाक्यापर्यंत जातं, खोकला आला की सगळं पोट आवळतं. म्हणजे तुझे हात छातीवर, दुखणं पोटात. चादरीची जाड घडी किंवा छोटी उशी टाक्यांवर ठेवून दुसऱ्या माणसाने तळव्याने दाबून धरायची, खोकल्याच्या वेळी विशेष. बायपासच्या पेशंटला आपण उशी छातीशी धरून खोकायला लावतो तेच. एवढ्यानेसुद्धा चेहरा बदलतो, बघ करून. डोकं खाली करून ड्रेनेज देऊ नकोस, या पेशंटला अजिबात नको, कुशीवर वळवणं पुरे. आणि पर्कशन, म्हणजे ते हाताची वाटी करून बडवणं, ते प्रत्येकाला द्यायची गरजच नसते. पोझिशन, वाफ, मोठे श्वास आणि बाहेर सोडताना व्हायब्रेशन एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. बरगडी मोडलेल्याला तर मोडलेल्या जागेवर हात पण ठेवायचा नाही. सक्शन एका वेळी १५ सेकंदांच्या आत, त्याआधी शंभर टक्के ऑक्सिजन, नळी ट्यूबच्या निम्म्यापेक्षा जाड नको, आणि उगाच सलाईन आत टाकायचं नाही. हे सगळे फुप्फुसाचे नियम म्हणून शिकवतात पण ते दुखण्याचेही नियम आहेत.

सात नंबरच्या मुलाबद्दल भूलवाल्या डॉक्टरांनी लिहिलं तर बरं, मी एकच सांगतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गियान-बारे, नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) पेशंट एकदम वाढले, सिंहगड रोडच्या बाजूने, दोनशेच्या वर गेले. तेव्हा आमच्याकडे एक ताई होत्या, व्हेंटिलेटरवर, हातपाय गेलेले, चेहरासुद्धा गेलेला, दोन्ही बाजूंनी. मी रोज स्कोअर लिहायचो ०. चार दिवस शून्य. पाचव्या दिवशी कुशीवर वळवताना त्यांच्या डोळ्यातून कानापर्यंत पाणी आलं, तेव्हा मी विचारलं, दुखत असेल तर एकदा डोळे मिटा. मिटले. पाठ? मिटले. पाय? मिटले. ज्याचा चेहराच हलत नाही त्याचा चेहरा बघून मी शून्य लिहीत होतो. जीबीएसमध्ये मेंदू पूर्ण जागा असतो आणि पाठीत पायात भयंकर दुखतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. न्यूरोच्या मॅडमनी गाबापेंटिन (नसांच्या दुखण्याचं औषध) सुरू केलं. तेव्हापासून स्कोअर काढायच्या आधी मी विचारतो, प्रत्येकाला, सेडेशनवर असला तरी. जागा असेल तर त्याचं उत्तर खरं, स्केल नंतर.

रात्रपाळी_सिस्टर

वाचलं सगळं. मी स्टाफ नर्स आहे, अकरा वर्षं, मेडिकल आयसीयू. त्या सिस्टर म्हणाल्या ते मी पण म्हणलेलं आहे, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे एका शिफ्टला एकीकडे तीन तीन व्हेंटिलेटर असतात, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), इन्सुलिन, नातेवाईक, आणि त्यात फिजिओ आली की वाटतं लवकर होऊ दे. पण कामाच्या घाईत बोललेलं वाक्य खरं वाटायला लागतं ना, तसं झालं होतं माझं.

बाळा तुला एक सांगते, आपण आयसीयूत सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोलतो माहितीये का? "जरा कळ काढा." सुई टोचताना कळ काढा, वळवताना कळ काढा, नळी घालताना कळ काढा. पेशंट पण शहाणा असतो, त्याला कळतं की इथे कळ काढायची असते, सांगायची नसते. मग आपण विचारतो दुखतंय का, तो मान हलवतो नाही. मी हे वाक्य सोडलं. आता सांगते, आता नळी घालणार आहे, दहा बारा सेकंद जीव घाबरेल, नको वाटलं तर माझा हात दाबा मी थांबेन. आणि दाबला की खरंच थांबते. एकदा थांबलं की पुढच्या वेळी तो माणूस खरं सांगतो. सेडेशनवर असेल तरी सांगून करते. ऐकू जातंय असं धरून चालायचं.

दुसरं म्हणजे शब्द. दुखतंय का एवढंच विचारलं तर आपली माणसं नाही म्हणतात. कापलेलं असतं ते दुखणं त्यांना गृहीतच असतं. मग मी विचारते ठणकतंय का, कळ येते का मधूनच, ओढल्यासारखं होतंय का, टोचतंय का, नळीने घसा खवखवतोय का, पाठीला रग लागलीये का. या शेवटच्याला तर दहातले आठ जण हो म्हणतात. तासन्‌तास उताणं पडून पाठ धरलेली असते, ती कोणाच्या स्केलमध्ये येत नाही. तू फिजिओ द्यायच्या आधी कुशीवर वळवलंस तर अर्धं काम तिथेच होतं.

आणि वळवणं हेच मोठं दुखणं आहे हे लक्षात ठेव. अमेरिकेत २००१ ला एक मोठा अभ्यास झाला होता आयसीयूतल्या प्रोसिजरवर, त्यात मोठ्या माणसांना सगळ्यात जास्त दुखलं ते नुसतं कूस बदलताना. सुई नाही, ड्रेसिंग नाही, कूस. तेव्हापासून आम्ही आमच्या फिजिओशी वेळ जुळवून घेतली. मी नऊला पाठ पुसायला वळवणार असेन तर ती नऊलाच येते, त्याच कुशीवर तिचं पण होतं. पेशंट दोनदा वळत नाही. आणि औषध पण एकदाच द्यावं लागतं. तुझ्या सिस्टरशी आधी वेळेचं बोल, दुखण्याचं नंतर बोल, ऐकतील बघ.

भूलतज्ज्ञ_विदर्भ

उशिरा बघतोय, ओटी होती. तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्यातला एक गैरसमज आधी दूर करतो कारण तो फक्त सिस्टरांचा नाही, आमच्या रेसिडेंटांचाही असतो.

सेडेशन म्हणजे वेदनाशमन नाही. मिडॅझोलाम आणि प्रोपोफॉल झोप आणतात, दुखणं घालवत नाहीत. नुसत्या मिडॅझोलामवर असलेल्या माणसाला टाके दुखतात, फक्त तो ते सांगायच्या अवस्थेत नसतो. फेंटानिल, मॉर्फिन, केटामिन ही दुखण्याची औषधं. म्हणून चार्टवर बघा कोणती ड्रिप चालू आहे. पहिल्या गटातली एकटीच चालू असेल आणि पोटावर एवढी मोठी चीर असेल तर प्रश्न विचारायलाच हवा, आणि इंटर्नने विचारला तरी चालतो.

पल्स, बीपीबद्दल. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की नुसत्या पल्स-बीपीवरून दुखणं ठरवू नका, ते वाढलं तर स्केल लावून बघा असा इशारा समजा. कारण उघड आहे. सेप्सिसमध्ये पल्स वाढलेलीच असते, नॉरॲड्रेनॅलिनवर बीपी आपण धरून ठेवलेलं असतं, आणि मेटोप्रोलॉलवरच्या (पल्स कमी ठेवणारं औषध) माणसाची पल्स दुखलं तरी फारशी वाढत नाही. तुमच्या सात नंबरला ॲट्रोपिन आहे म्हणजे पल्सवरूनही कळणार नाही आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरूनही नाही, दोन्ही औषधाने बदलल्यात. वर त्या विषाने काही दिवसांनी मान, खांदे, श्वासाचे स्नायू कमजोर पडतात, त्यामुळे तो हलत नाही याचा अर्थ शांत आहे असा घेऊ नका. आधी जागा आहे का ते तपासा. नावाने हाक मारा, डोळे उघडायला सांगा, बोट हलवायला सांगा. काहीतरी एक हलत असतंच, पापणी, बोट, जीभ, त्यावर हो-नाही ठरवा. मण्यार चावलेल्या पेशंटचंही असंच. पापण्या उचलता येत नाहीत म्हणून सगळ्यांना वाटतं बेशुद्ध आहे, आणि तो सगळं ऐकत असतो. पापणी बोटाने उचलून त्याच्याशी बोला.

व्हेक्युरोनियम किंवा ॲट्राक्युरियमची (स्नायू पूर्ण सैल करणारी औषधं) ड्रिप चालू असेल किंवा रास स्कोअर (गुंगी किती खोल ते मोजणारा) उणे पाच असेल तर मात्र कोणतंही स्केल लागू नाही. तिथे शून्य लिहू नका. "तपासता येत नाही" असं लिहा आणि दुखतंय असं धरून चाला, म्हणजे त्या प्रोसिजरआधी वेदनाशामक द्यायचंच. २०२० मध्ये वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या बदलली, तिच्यासोबत एक टीप जोडलेली आहे की सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असं होत नाही. आमच्या डिपार्टमेंटला ती मराठीत छापून लावलीय.

वेळेचं गणित तुमच्या कामाचं आहे. शिरेतून फेंटानिल दिलं की तीन ते पाच मिनिटांत पूर्ण असर, अर्धा तास ते तासभर टिकतं. मॉर्फिनला पंधरावीस मिनिटं लागतात. पॅरासिटामॉलची बाटली पंधरा मिनिटं चालते, त्यानंतर तिचा असर चढतो. म्हणजे तुम्ही बेडजवळ येऊन मग सांगितलंत तर सिस्टरना फेंटानिलशिवाय पर्याय राहत नाही, आणि ते कपाटातून कुलूप उघडून, रजिस्टरवर लिहून काढावं लागतं, म्हणून चिडचिड होते. सकाळच्या राउंडलाच सांगा की दहा वाजता चार नंबरला चेस्ट आहे, नऊ चाळीसला काहीतरी द्या. डोस आणि औषध डॉक्टर ठरवतील, तुम्ही वेळ सांगा.

ट्यूब नसलेल्या पेशंटला जास्त सावध. झोपाळलेला असेल, श्वास दहाच्या खाली असेल तर आधी डॉक्टरला बोलवा, वेदनाशामक मागून घेऊन लगेच फिजिओ सुरू करू नका.

एमपीटी_कार्डिओ

थोडं वेगळं मत. मला भीती अशी वाटते की हे वाचून नवीन मुलं प्रत्येक आठीला हात मागे घेतील. कफ राहिला तर फुप्फुस बसतं, मग पुन्हा ब्राँकोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण), व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात, ते काय कमी त्रासाचं आहे का. माझ्या सरांनी शिकवलं होतं की आपण दोन मिनिटं वाईट व्हायचं आणि पेशंटला दहा दिवस वाचवायचे.

श्वास_फिजिओ_पुणे

तुमची भीती खरी आहे आणि कोणी ट्रीटमेंट सोडा म्हणत नाहीये. पण दुखणाऱ्या माणसाचा कफ निघतो का ते सांगा. टाके दुखतात म्हणून तो मोठा श्वासच घेत नाही, खोकला अर्धवट दाबतो, छाती ताठ करून व्हेंटिलेटरशी भांडतो, आपलं व्हायब्रेशन त्या ताठ छातीवर वाया जातं. माझा अनुभव असा की स्कोअर पाच असताना दिलेल्या पंधरा मिनिटांत जेवढा निघतो त्याच्यापेक्षा जास्त स्कोअर दोन असताना आठ मिनिटांत निघतो. थांबायचं म्हणजे सोडून जायचं नाही, अर्धा मिनिट हात ठेवून तसंच उभं राहायचं, चेहरा सैल झाला की पुढे जायचं. तीन किंवा वर राहिला तर औषध मागायचं, वीस मिनिटांनी परत यायचं. कफाचा गोळा अडकलाय, सॅच्युरेशन झपाट्याने उतरतंय, अशा वेळी मात्र स्कोअर बघत बसू नका, सक्शन करा, तिथे जीव आधी.

एमपीटी_कार्डिओ

वीस मिनिटांनी परत येणं आमच्याकडे जमत नाही हो, दोन आयसीयूंना मिळून मी एकटीच. पण राउंडला आधी सांगून ठेवायचं ते जमेल, उद्यापासून करते.

खानदेशची_सून

मी डॉक्टर नाही, नातेवाईक म्हणून लिहितेय, चालेल ना. माझ्या सासऱ्यांचं गेल्या वर्षी बायपास झालं. घरी आम्ही अहिराणी बोलतो, त्यांना मराठी समजतं पण शहरातलं भराभर बोललेलं नाही समजत. ट्यूब काढल्यावर रोज फिजिओ यायचे, दहापैकी किती दुखतंय असं विचारायचे, सासरे म्हणायचे आठ, नऊ. मग त्यांना औषध वाढवून दिलं, ते दिवसभर गुंगीत. मी भेटायच्या वेळेला गेले तर म्हणाले बरं आहे की. मी म्हटलं मग नऊ का सांगितलं? तर म्हणाले नऊ मार्क दिले, चांगलंच करतात ना बिचारे पोरं. त्यांना वाटलं कामाला मार्क द्यायचेत!

आणि उलटं पण झालं. दोन दिवसांनी छातीतली नळी काढली तेव्हा खरंच खूप दुखलं, तेव्हा त्यांनी काहीच सांगितलं नाही. मला कानात सांगितलं. मी एका सिस्टरना सांगितलं, त्या वयाने मोठ्या होत्या, त्यांनी जाऊन विचारलं, बाबा रुपयात किती आणे दुखतंय? लगेच म्हणाले बारा आणे. औषध दिल्यावर परत विचारलं, चार आणे. एकदम बरोबर सांगितलं बघा. घरी पण ते असंच बोलतात, ताप रुपयात आठ आणे उतरला असं. म्हणून ताई, म्हाताऱ्या माणसांना आण्यांत विचारून बघा. आणि घरच्यांना विचारा. सासरे दुखलं की उजव्या पायाचा अंगठा हलवतात, हे आम्हाला चाळीस वर्षं माहितीये, तिथे कोणी विचारलंच नाही.

रात्रपाळी_सिस्टर

ताई किती बरोबर लिहिलंत. आण्यांचं मी पण वापरते, सोळा आणे म्हणजे पूर्ण, तेवढं पक्कं माहिती असतं त्या पिढीला. तरुण मुलांना नाही कळत, त्यांना दहाच बरं, पण आधी सांगायचं शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. मोठ्या आकड्यांचा कागद समोर धरून बोट लावायला सांगितलं की ट्यूबवालासुद्धा सांगतो. अंगठ्याचं तर मी आता प्रत्येक नातेवाईकाला विचारणार, घरी दुखलं की हे काय करतात म्हणून.

इंटर्न_फिजिओ_मराठवाडा

सगळ्यांचे खूप आभार, मला वाटलं नव्हतं एवढं कोणी लिहील. चार दिवस झाले, काय झालं ते सांगते.

काकांची ड्रिप बघितली, नुसतं मिडॅझोलाम होतं. राउंडला घाबरत घाबरत सांगितलं की सर हाताळताना सीपीओटी सहा येतोय, आधी एक मिनिट बघितलं तेव्हा तीन होता. आकडा सांगितल्यावर सरांनी खरंच मान वर करून बघितलं. मग फेंटानिल सुरू केलं आणि मिडॅझोलाम कमी केलं. दुसऱ्या दिवशी टाक्यांवर चादरीची घडी सिस्टरनी स्वतः धरली, करताना तीन आला, संपल्यावर एक. कफ भरपूर निघाला, हिरवा, घट्ट. काल ते डोळे उघडून बघत होते, मी विचारलं आज दुखलं का, त्यांनी तळहात हलवून थोडंसं असं दाखवलं.

सात नंबरच्या मुलाला सरांसमोर हाक मारली. त्याने जीभ बाहेर काढली, जेमतेम, ट्यूबच्या बाजूने. म्हणजे तो जागाच होता. आम्ही सगळे त्याच्या बेडजवळ उभं राहून त्याच्याबद्दल काय काय बोललो होतो ते आठवून मला रात्री झोप नाही लागली. आता जीभ बाहेर म्हणजे हो असं ठरवलंय आणि ते कागदावर लिहून बेडच्या डोक्याशी चिकटवलंय. त्याला छातीपेक्षा घसा आणि गालाचा कोपरा दुखतोय, ट्यूबची पट्टी रुतली होती तिथे. सिस्टरनी पट्टी बदलून ट्यूब दुसऱ्या कोपऱ्यात घेतली.

एक विचारायचं राहिलं. पेपरवर रकाना नाहीये तर मी कुठे लिहू? आमच्या इन्चार्ज मॅडम म्हणाल्या फॉर्म बदलायला वेळ लागेल.

भूलतज्ज्ञ_विदर्भ

फॉर्मची वाट बघू नका. तुम्ही सॅच्युरेशन लिहिता त्याच ओळीत पुढे लिहा, सीपीओटी ३/६/१, म्हणजे आधी, करताना, नंतर. खाली औषध दिल्याची वेळ. तपासता येत नसेल तर शब्दांत लिहा, रेघ मारून सोडू नका. आणि त्या मुलाच्या जिभेचं डॉक्टरांच्या नोट्समध्येही लिहून घ्या, भिंतीवरचा कागद बेड बदलला की मागेच राहतो.